मशीन एकाहत्तरवर आडकलंय

क्रिप्टो म्हणलं की तुमी लगेच सरसावून बसता. आता हा पोरगा सांगणार, चार महिन्यांत बंगला कसा झाला. न्हायतर सांगणार, झालेला बंगला चार दिवसांत कसा गेला. बसा आपले निवांत. माझ्याकडं बंगला न्हाय, काळी गाडी न्हाय, कुणाचं खातंबितं रिकामं होणार न्हाय. एक पत्र्याची खोली हाय, खोलीला लोखंडी शटर हाय, शटरला बाहेरनं कुलूप हाय आणि आत मी हाय. खरं सांगू का, एवढंच हाय.

खोली म्हणजे शेळगावातलं मामाचं दूध संकलन केंद्र. सगळी त्याला डेअरी म्हणत्यात. मी कन्हेरीचा. कॉम्प्युटरची पदवी बारामतीत झाली आणि त्याच्यानंतर दीड वर्ष मी घरी. घरी म्हणजे अगदी रिकामा न्हाय. लग्नाकार्यात मला मागणी असायची, कारण मी नकला करतो. थंडीतला ट्रॅक्टर पहिल्यांदा सुरू व्हायला कसा कुरकुरतो, एसटीचा कंडक्टर सुट्टे मागताना नाकातनं कसा बोलतो, आमचे हेडमास्तर प्रार्थनेला शिंक कशी दाबायचे, सगळं. आणि मामा. मामाची नक्कल तर झोपेत बी करीन. आधी दोनदा खोकायचं, मग म्हणायचं, "त्याचं कसंय."

मामानंच एक दिवस दोनदा खोकून आईला सांगितलं, "त्याचं कसंय, एक तारखेपासनं हा माझ्याकडं डेअरीवर बसंल. खुर्ची हाय, पंखा हाय, कॉम्प्युटर हाय. ह्याला अजून काय पायजे?"

आईला तर ते फारच पटलं. मला काम शिकायला आठ दिवस आधी शेळगावला धाडलं.

काम असं. माणूस किटली घेऊन येतो. त्यातलं वाटीभर दूध फॅटच्या मशीनला लावायचं. मशीन आकडा दाखवतं, तो कॉम्प्युटरात जातो, चिठ्ठी निघती. पुढचा माणूस. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. तिसऱ्या दिवशी मला त्या खुर्चीत पन्नाशीचा मी दिसायला लागला. टक्कल पडलेला, आणि बोलायच्या आधी दोनदा खोकणारा.

तशात पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. मी अर्ज केलेला विसरून पण गेलेलो. पलीकडचे सर म्हणाले, "तू बोलतोस छान. पण काम येतं का ते बघू." काम त्यांनी लिहून पाठवलं. एका क्रिप्टोचा नोड सोर्स कोडपासून कंपाइल कर, चालू कर, आणि चालू असलेली स्क्रीन आणि तुझा चेहरा एकाच फोटोत पाठव. गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत.

नोड म्हणजे काय ते दुधातच सांगतो. समजा डेअरीत एकच वही हाय आणि ती मामाकडं हाय. मग मामा लिहील ते खरं. पण समजा प्रत्येक किटलीवाल्याकडं तीच वही हाय, आणि नवी ओळ लिहिली की सगळे आपापल्या वहीत बघून घेत्यात, बरोबर हाय का न्हाय. तसा क्रिप्टोच्या पैशाची वही सांभाळणारा एकेक कॉम्प्युटर म्हणजे नोड. त्याचं सॉफ्टवेअर तयार मिळतं की. पण तयार म्हणजे पिशवीतलं दूध, आत काय घातलंय कुणी बघितलंय? म्हणून जाणकार लोकं मूळ कोड आणत्यात आणि आपल्याच मशीनवर त्याचं सॉफ्टवेअर बनवत्यात, म्हणजे म्हैस आपल्या डोळ्यांदेखत पिळून घेतल्यासारखं. त्या बनवण्याला कंपाइल म्हणायचं. हजारो छोट्या फायली असत्यात, एकेक शिजती, आणि स्क्रीनवर टक्के सरकत्यात.

माझा लॅपटॉप कॉलेजातला. तो चाळीस टक्क्यांवर गेला की त्याची मेमरी भरायची आणि तो मान टाकायचा. तीनदा टाकली. आणि हितं मामाच्या टेबलाखाली नवाकोरा डेस्कटॉप, मेमरी चौपट, आणि दिवसभर काम काय तर चिठ्ठ्या काढायच्या. पण मामाचा हुकूम होता, "डेअरीच्या कामाशिवाय हात लावायचा न्हाय." त्याला कारण मीच. दुसऱ्याच दिवशी मी त्यात मामाच्या आवाजात भरून ठेवलं होतं, "त्याचं कसंय, फॅट कमी हाय, म्हशीला समजावा." ते नेमकं सरपंचाच्या दुधाला वाजलं.

म्हणून गुरुवारी मी बेत केला. सकाळचं दूध संपलं की मामा शटर अर्धं वढून घरी जेवायला जातो आणि चारपर्यंत तितंच लवंडतो. मी सांगितलं, "मामा, अकराच्या एसटीनं बारामतीला जाऊन येतो." गेलो कुठं, मागच्या गल्लीतनं वळून शटरखालनं आत. पेनड्राइव्हवरनं माझी वेगळी सिस्टीम चालू केली, म्हणजे डेअरीच्या हिशेबाला धक्का न्हाय. कोड उतरवून ठेवलेलाच होता. सुरू केलं.

पहिल्या फटक्यात माती खाल्ली. एका वेळी किती फायली घ्यायच्या तो आकडा द्यायचा असतो, मी घाईत दिलाच न्हाय. मशीननं मग सगळ्याच एकदम अंगावर घेतल्या. दहा गुंठ्याच्या फडात तालुक्यातल्या सगळ्या ऊसतोडीच्या टोळ्या घातल्या तर ऊस तुटंल का कोयतं एकमेकाला लागतील? माउसचा बाण हलंना, स्क्रीनवरचं घड्याळ हलंना. बंद करून पुन्हा पहिल्यापासनं लावलं, ह्या वेळी एका टायमाला दोनच फायली. त्यात बारा वाजून गेले.

नऊ टक्क्यांवर असताना बाहेर मामाच्या चपला वाजल्या.

मी स्क्रीनचं बटन दाबलं आणि कॅनांच्या रांगेमागं उकिडवा बसलो. मामा वाकून आत आला. भिंतीवरची पिशवी घेतली. मग थांबला. टेबलाखालनं कॉम्प्युटरचा घुंऽऽ आवाज येत होता. मामानं वर बघितलं, छताच्या पंख्याकडं. पंखा बंद होता. मामानं बटन एकदा चालू केलं, परत बंद केलं, आणि "आता बरं झालं" अशा चेहऱ्यानं बाहेर गेला. शटर खालपर्यंत आलं. कुलूप कडकडलं. मग त्याचा फोनवरचा आवाज लांब लांब जात गेला, "निघालो, इंदापूरला तासाभरात पोचतो."

त्या कुलपाला किल्ली एकच, आणि ती मामाच्या करदोड्याला. मामा अंघोळीला जातो तवा पण ती सोबत जाती. म्हणजे मी बोंबललो असतो, मामीला फोन केला असता, तरी कुणी काय करू शकत नव्हतं. वर मामाला कळलं असतं ते वेगळंच. आणि मशीन बंद करायला लागलं असतं.

मग मी बसलो. त्या खुर्चीत.

दुपारी पत्रा तापला की त्या खोलीत आंबट दुधाचा वास नुसता येत न्हाय, अंगावर बसतो. मी पंखा लावला, तर तो गरमच हवा हितनं उचलून तितं ठेवायचा. खिडकी एक, हाताएवढी, तिला जाळी. जाळीतनं समोरच्या गोठ्याचा एक खांब दिसायचा आणि एका म्हशीचं शेपूट. माझ्याकडं करमणूक दोन, टक्के आणि शेपूट. शेपूट जास्त हलायचं. प्यायला पाणी होतं, कॅन धुवायच्या नळाचं. प्यायलो, आणि मग प्यायल्याचा पश्चात्ताप झाला. पुढचं सांगत न्हाय. कॅन स्वच्छ होते एवढं सांगतो.

खरं सांगू का, भीती सापडायची नव्हती. भीती ही होती, की एक तारखेपासनं हे असंच असणार हाय. फक्त कुलूप नसंल.

तीनच्या सुमाराला मशीन एकाहत्तर टक्क्यांवर येऊन थांबलं. एखादी फाईल अशी असती, की तिच्यापुढं दहा फायली निघून जात्यात पण ती बसून राहती. दहा मिनटं झाली, पंधरा झाली. एकाहत्तर. मी स्क्रीनला नाक लावून बसलेलो आणि तेवढ्यात शटरवर काठी वाजली.

"आत पंखा कसा चालू हाय? कोण हाय रं?"

शेजारचे आबा. त्यांच्या दोन म्हशी. सगळ्या गावाची चौकशी करणारा माणूस, काय उत्तर न्हाय मिळालं तर पाच मिनटांत मामाला फोन लावणार. माझ्याकडं एकच उपाय होता. मी दोनदा खोकलो.

"त्याचं कसंय आबा, मीच हाय."

"तू? आणि बाहेरनं कुलूप?"

"लावून घेतलंय. लोकं झोपू देत न्हाईत."

आबांना ते पटलं. मला अजून कळत न्हाय कसं पटलं. पण जायचं सोडून ते कट्ट्यावर टेकले. "बरं झालं. मी म्हणलं इचारावं, संध्याकाळी मशीन चालू हाय न्हवं? मागल्या टायमाला येऊन माघारी गेलो."

आता माझं सगळं ध्यान स्क्रीनवर. तोंड मामाचं, पण डोकं माझंच. मी मामाच्या आवाजात जे खरं होतं ते बोलून गेलो.

"मशीन एकाहत्तरवर आडकलंय. हलायलाच तयार न्हाय."

आबांचा आवाज शटरच्या फटीपाशी आला.

"एकाहत्तरवर?"

"व्हय. पंधरा मिनटं झाली."

"कायबी केलं तरी एकाहत्तरच?"

"एकाहत्तरच. झोपू द्या आता."

"झोप झोप," आबा म्हणले, एकदम मायेनं. आणि काठी लगालगा लांब गेली. मी आपला खूश. काय पटकन कटवलं म्हाताऱ्याला.

आता आमच्यात फॅट कशी बोलत्यात ते तुमाला सांगायला पायजे, मला तितं त्या वेळी आठवायला पायजे होतं. मधला पॉइंट कुणी म्हणत न्हाय. गायीच्या दुधाला साडेतीन फॅट लागली तर म्हणायचं, पस्तीस लागली. म्हशीला साडेसहा लागली तर पासष्ट. जेवढी फॅट जास्त तेवढा दर जास्त. आणि एकाहत्तर म्हणजे सात पॉइंट एक. ती फॅट बघून मामा उठून म्हशीच्या मालकाला चहा पाजतो.

साडेतीनला मशीन बाहत्तर झालं, आणि मग मोकळं सुटल्यासारखं पळायला लागलं. शहात्तर. एक्क्याऐंशी. मी खुर्चीत नाचत होतो. तेवढ्यात बाहेर किटलीची कडी वाजली. मग अजून एक. बायांच्या बोलण्याचा आवाज आला. मग एका काकूंनी जाळीच्या खिडकीशी तोंड आणून हळूच विचारलं,

"भाऊ, झोपलाय का? आबा म्हणले ते खरं हाय व्हय? गायीच्या दुधाला बी एकाहत्तरच दाखवतंय?"

तवा माझ्या ध्यानात आलं, मी आबांना काय बोलून बसलोय.

"त्याचं कसंय," मी खोकायचं पण विसरलो, "तसं न्हाय ते. मशीन चांगलं हाय."

बाहेर कुजबुज. "बघा, आता लपवतोय." "कुणी सांगितलं असंल वरनं." "आमी काय कुणाला सांगत न्हाय भाऊ, तुमी निवांत झोपा. आमी बसतो हितं."

आणि बसले. सवाचारला चाळीसएक किटल्या असतील. जाळीतनं आता शेपूट दिसायचं बंद झालं, सगळी डोकीच. त्या दिवशी गावातल्या म्हशी तासभर आधी पिळल्या गेल्या. चौकातल्या दुसऱ्या डेअरीला दूध घालणारे पण आले. एकजण म्हणत होता, सकाळचं फ्रीजमधलं आणलंय, जाऊ दे, एकाहत्तर तर एकाहत्तर. कट्ट्यावर कुणीतरी दुधाला नळाचा आधार दिल्याचं पण ऐकू आलं. आणि मी आत, मामाच्या आवाजात अडकून. माझ्या आवाजात बोललो तर मेलो, मामाच्या आवाजात बोललो तर कोण ऐकत न्हाय.

चार पस्तीसला शंभर टक्के झाले. ओरडता पण येईना. मी नोड चालू केला. आता त्याला बाकीचे नोड शोधायला नेट पायजे आणि नेट होतं माझ्या मोबाईलचं. पांढऱ्या ओळी यायला लागल्या, शोधतोय, शोधतोय, आणि मोबाईल वाजला. मामा.

माझ्या फोनचं असंय, की कॉल आला की नेट जातं. ओळी थांबल्या. मी कॉल कापला. ओळी सुरू. परत मामा. कापला. परत. पाचला वीस कमी होती. मी टेबलाखाली शिरलो, कॉम्प्युटरच्या घुंऽऽ आवाजाला तोंडानं एसटीचं इंजिन जोडलं आणि फोन घेतला.

"भाच्या, कुठं हायस?"

"मामा, खरं सांगू का, एसटीत हाय. बारामतीहनं निघालोय." मधेच नाकातनं, "सुट्टे द्या सुट्टे." आणि तिकिटाच्या मशीनची कर्रकर्र.

"बरं ऐक. तुझ्या मामीचा फोन आलता. बाया तिला म्हणत्यात, मी डेअरीत कुलूप लावून घेऊन झोपलोय. अन् मी तर हितं इंदापुराहनं येतोय गाडीवर. तू उतरलास की आधी डेअरीवर जा आणि बघ, मी तितं हाय का."

"बघतो."

"आणि मी असलो तर मला धरून ठेव. मी आलोच दहा मिनटांत."

फोन ठेवला. ओळी परत सुरू झाल्या. शोधतोय. शोधतोय. बाहेर गाडीचा आवाज आला आणि गलका एकदम बंद पडला. चाळीस माणसांनी मामाला बाहेरनं येताना बघितलं आणि सगळ्यांनी मिळून शटरकडं बघितलं असणार. आबांचा आवाज आला, "अरं, तू हितं, मग आत कोण हाय?" कुलूप कडकडलं. आणि त्याच क्षणाला स्क्रीनवर आलं, एक नोड जोडला गेला. मग दुसरा. सगळ्यांच्या त्या वहीतल्या पहिल्या नोंदी धडाधड उतरायला लागल्या. मी मोबाईल उंच धरला, स्क्रीन घेतली, तोंड घेतलं, आणि शटर वर गेलं तवाच बटन दाबलं.

तो फोटो माझ्याकडं अजून हाय. पुढं मी, घामानं निथळलेला, दात दाखवणारा. बाजूला काळी स्क्रीन, पांढऱ्या ओळी. मागं उजेडात मामा, हातात करदोड्यासकट किल्ली, आणि मामाच्या मागं चाळीस माणसं किटल्या घेऊन. चार त्रेपन्नला पाठवला.

मामानं आत येऊन स्क्रीन बघितली.  मला म्हणला, "तुझं काढ, डेअरीचं लाव," आणि मला फॅटच्या मशीनपाशी उभं केलं. "आकडा तू वाचायचा. मोठ्यांदा. तुझ्या आवाजात."

चाळीस किटल्या मी वाचल्या. काकूंच्या गायीला चौतीस. फ्रीजवाल्याला एकतीस. आबांच्या म्हशीला, जिला रोज बासष्टच्या खाली कधी लागत न्हाय, तिला अठ्ठेचाळीस. आबा म्हणले, "उन्हानं पातळ झालं असंल." कुणी हसलं न्हाय. सगळ्यांच्याच किटल्या अजून मागं रांगेत होत्या. जाताना प्रत्येकजण माझ्याकडं बघून जायचा, जसं काय मीच त्यांच्या दुधात नळ सोडला.

रांग संपली तवा खिशात मोबाईल थरथरला. सरांचा मेसेज. "कंपाइल बरोबर झालंय. सोमवारी दहाला ऑफिसला ये. फोटोत मागे उभे आहेत ते कोण?"

मी तो मामापुढं धरला. मामानं दोनदा वाचला आणि फोन मला परत दिला. मग कॅनावर बसला, दोनदा खोकला. मी मनात म्हणलं, आता 'त्याचं कसंय' येणार. आलं न्हाय.

"खरं सांगू का," मामा म्हणला.

आवाज माझा होता. हुबेहूब. शेवटचा 'का' जरा वर उचलायचा, मान डावीकडं टाकायची. मी असं बोलतो हे मला त्या दिवशी कळलं.

"खरं सांगू का मामा, एसटीत हाय. खरं सांगू का मामा, सरपंचाचं ते आपोआप वाजलं. खरं सांगू का मामा, हात पण लावला न्हाय. आठ दिवस झालं ऐकतोय. येवढ्या वेळा खरं सांगितलंस, त्यात खरं एकदाच निघालं, ते पण माझ्या आवाजात, ते पण आबाला. चाळीस घरं उद्यापासनं एकमेकाच्या किटलीत वाकून बघणार हायत, त्याचं काय करू मी? सोमवारी जा पुण्याला. सायबाला काय सांगायचं ते सांग. पण तुझ्या तोंडानं सांग, न्हायतर तो माणूस माझ्या नावानं पगार काढंल." मग आवाज त्याचा स्वतःचा झाला. "आता कॅन धू. आणि सांग, ह्यातल्या कुठल्या कॅनात काय केलं न्हायस ना?"

"खरं सां..." मी म्हणलं आणि गप बसलो.

"सगळे धू," मामा म्हणला.